गिळणार की पिणार?

ज्या माणसाविरुद्ध मी सरकार दरबारी रीतसर तक्रार केली, त्याच्याच दुकानातल्या बाकावर बसून मी त्या तक्रारीची पोचपावती वाचली. असा प्रसंग माझ्या आयुष्यात एकदाच आला. पावती वाचून झाल्यावर तो म्हणाला, "जावक क्रमांक बरोबर आहे ना, बघून घ्या. नंतर त्यावरून अडवतात." आणि तो पुन्हा कात्री घेऊन आपल्या कामाला लागला.

नव्वदच्या दशकाचा तो मध्य असावा. दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होऊन मी पंचवटीत, पेठ नाक्यापासून हाकेच्या अंतरावर राहायला आलो होतो. नाक्यावर पेठ तालुक्याकडे जाणाऱ्या जीपगाड्या थांबत आणि त्या जिथे थांबत, त्याच्या बरोबर समोर या गृहस्थाचे औषधांचे दुकान होते. उंच, किंचित वाकलेला देह, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा. लोक त्याला डॉक्टर म्हणत, त्याचा त्याला मनस्वी तिटकारा होता. "डॉक्टर लिहितो, मी वाचतो," असे तो प्रत्येकाला बजावत असे.

गिऱ्हाईक आले की चिठ्ठी हातात घेण्याआधी त्याचा एक प्रश्न ठरलेला असे: "गिळणार की पिणार?" नवखा माणूस गोंधळून जाई. जुने लोक मात्र सरळ उत्तर देत. कोणी म्हणे, म्हातारीला गिळवत नाही. कोणी म्हणे, लेकरू थुंकून टाकते. मग तो चिठ्ठी उघडत असे आणि डॉक्टरने गिळण्याच्या माणसाला पिण्याचे किंवा पिण्याच्या माणसाला गिळण्याचे लिहिले असेल, तर दुकानातूनच दूरध्वनी करून त्या डॉक्टरला बदल करायला लावी. हा अधिकार त्याला कोणत्या नियमाने मिळाला, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला की, नियमाने नाही, वडिलांनी दिला.

त्याचे वडील आचारी होते. लग्नकार्यातले लाडू, बुंदी, बर्फी असली पाकाची कामे ते घेत आणि हा पोरवयात त्यांच्याबरोबर कढईपाशी बसत असे. त्यामुळे औषधशास्त्राची पदवी घेऊनही त्याचे सारे शास्त्र कढईतूनच बोलत असे. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक, या तीन शब्दांवर तो जगातले कोणतेही औषध समजावून देऊ शकत असे.

"साखर तीच, पाणी तेच," तो सांगे. "विस्तव किती वेळ ठेवलात, एवढाच फरक. एकतारी असेल तर वाटीत घ्या. गोळीबंद झाला तर लाडू वळा. लाडू महिनाभर टिकतो, कारण त्यातलं पाणी गेलं. पाक दहा दिवसांनी फसफसतो, कारण त्यात राहिलं. आता सांगा, उघडी बाटली तुम्ही दिवाळीपासून का ठेवली आहे?"

अस्तर चढवलेली गोळी कुटू नये, हे तो संक्रांतीच्या हलव्यावरून समजावत असे. आमच्याच घरची गोष्ट आहे. माझ्या पत्नीला गोळी गिळण्याचा कंटाळा. पोटाच्या विकारासाठी दिलेली गोळी ती खलबत्त्यात कुटून गुळांब्याबरोबर खात असे आणि औषधाला गुण नाही म्हणून मी त्या कंपनीला पत्र लिहिण्याच्या बेतात होतो. ही हकीकत कळल्यावर तो स्वतः आमच्या घरी आला. पत्नीला त्याने विचारले की, वहिनी, हलव्याला काटा कसा आणता? ती म्हणाली, तिळावर थेंब थेंब पाक सोडायचा आणि परातीत हात फिरवत राहायचे. "तसंच हे," तो म्हणाला. "कारखान्यात ह्या गोळीवर असंच पूट दिलंय, पोटातल्या आंबटात ती विरघळू नये म्हणून. तुम्ही काटा मोडलात आणि नुसता तीळ खाल्लात. औषध आतड्यापर्यंत गेलंच नाही, वाटेतच संपलं." माझे पत्र लिहायचे राहिले ते राहिलेच.

मधुमेह असलेला माणूस खोकल्याची बाटली घ्यायला आला की त्याची ठरलेली कानउघाडणी होई: चहा बिनसाखरेचा आणि खोकला साखरेचा, हे कसले पथ्य? तळाशी गाळ बसणारे औषध न हलवता घेणाऱ्याला तो म्हणे, "पहिले आठ दिवस तुम्ही पाणी पिताय आणि शेवटचे दोन दिवस खडू." लोक हसत, पण घरी जाऊन बाटली हलवत.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोळ्यांच्या कारखान्यात त्याने उमेदीची चार वर्षे काढली होती. यंत्र खाडखाड गोळ्या पाडत असे आणि हा त्यांतल्या ठराविक गोळ्या काढून वजन, जाडी, कठीणपणा तपासत असे. तिथेच त्याला आपले तत्त्व सापडले आणि नोकरी सोडून त्याने दुकान टाकले. ते तत्त्व मी त्याच्याच शब्दांत देतो: "गोळीचं माप कारखान्यात होतं, बाटलीचं माप घरात होतं. म्हणून गोळी देताना मी माल बघतो आणि बाटली देताना माणूस बघतो."

आता माझ्या तक्रारीकडे वळतो.

तो विकत असलेल्या पातळ औषधाच्या प्रत्येक बाटलीवर कागदाची एक उभी पट्टी चिकटवलेली असे. पट्टीच्या एका कडेला कात्रीने करवतीसारखे दात पाडलेले असत. जुन्या दवाखान्यांतले कंपौंडर मिक्श्चरच्या बाटलीवर अशी पट्टी लावत, ती माझ्या वयाच्या लोकांना आठवेल. एक दात म्हणजे एक मात्रा. औषध एका दातावरून खालच्या दातावर उतरले की मात्रा पुरी झाली. त्यासाठी अक्षर यावे लागत नाही. दर आकाराच्या रिकाम्या बाटलीत मोजून पाणी ओतून, त्याने या पट्ट्यांचे नमुने तयार केले होते आणि दुपारच्या सामसुमीत वाटीतली खळ बोटाने लावत तो त्या चिकटवत बसे.

मी पत्नीसाठी खोकल्याची बाटली घेतली. घरी आल्यावर औषधाची मुदत पाहू लागलो, तर मुदतीच्या तारखेवरच पट्टी. बाटलीवरचा छापील मजकूर झाकणे हा नियमाचा भंग आहे, आणि हा नियम ग्राहकाच्या जिवासाठी केलेला आहे. मी परत जाऊन हे त्याच्या निदर्शनास आणले. त्याने मान वर न करता उत्तर दिले, "शिरस्तेदारसाहेब, तारीख मी बघून देतो. माप बघायला मी त्यांच्या घरी नसतो."

मला संताप आला. उत्तर चुकीचे होते म्हणून नव्हे. बेदरकार होते म्हणून. तारीख विक्रेत्याने पाहावी, पण ग्राहकालाही पाहता आली पाहिजे. विश्वास हा कायद्याला पर्याय नाही. आधीच औषधांच्या कंपन्या हा मजकूर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणि परक्या भाषेत छापतात. त्याबद्दल मी कितीतरी कंपन्यांना पत्रे लिहिली होती. एकीने उत्तरादाखल भिंतीवरचे कॅलेंडर पाठवले; त्यावरच्या तारखा मात्र मोठ्या अक्षरांत होत्या. आणि जे काही छापतात, तेही या गृहस्थाने कागदाखाली पुरावे? मी औषध खात्याच्या कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिले, सोबत बाटली जोडली, आणि पत्राची एक प्रत त्याला नेऊन दिली. आरोपीला आरोप कळलाच पाहिजे.

खात्याने, माझ्या अनुभवाच्या अगदी विपरीत, तत्परता दाखवली. निरीक्षक आले, दुकानातल्या बाटल्यांवरच्या पट्ट्या काढायला लावल्या, सुनावणी होईपर्यंत नवी पट्टी लावायची नाही असे लेखी घेतले, आणि परवाना निलंबित का करू नये अशी नोटीस देऊन गेले. एवढे होऊनही मी त्याच्या दुकानात जाणे थांबवले नाही. तक्रार सार्वजनिक हिताची होती. खोकला खासगी होता. तोही मला पूर्वीसारखाच बाकावर बसवत असे. नोटिशीचा विषय त्याने एकदाच काढला. चष्मा पुसत म्हणाला की, परवाना गेला तर पुन्हा अंबडला यंत्रासमोर उभे राहावे लागेल, आणि गुडघे आता तेवढे उभे राहू देत नाहीत. हे त्याने गाऱ्हाणे म्हणून सांगितले नाही. हवापाण्यावर बोलावे तसे सांगितले.

पट्ट्या बंद झाल्यावर त्याचे बोलणे मात्र वाढले. प्रत्येक बाटलीमागे तो चमच्यावर प्रवचन देऊ लागला. कोणाच्या घरातला चमचा, चहाचा की भाताचा, सपाट की खोल, हे विचारता विचारता त्याचा घसा बसला. मी त्याला सुचवले की चमचा हा शब्दच मुळात परका आणि सैल आहे. आपल्या भाषेत यासाठी पळी हा नेमका शब्द आहे. तो हसला आणि म्हणाला, "शब्द नेमका असून चालत नाही, भांडं नेमकं लागतं." मी ते त्या वेळी मनावर घेतले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी पेठकडची एक बाई आली. टोपलीत भाजी आणून ती नाक्यावर विकत असे. टोपली रिकामी झाली होती आणि परतीची जीप सुटण्याच्या बेतात होती. घरी दोन-तीन वर्षांची मुलगी खोकत होती. दवाखान्यातली चिठ्ठी तिने दाखवली. त्याने बाटली काढून दिली, लहान चमचा, दिवसातून दोनदा, असे दोन वेळा सांगितले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचे औषध काढायला तो शिडीवर चढला. बाई तिथेच घुटमळली. मला म्हणाली, "बाबा, चमचा नाय आमच्यात."

मी विचारले, "पळी तर असेल?"

"पळी हाय की."

मला केवढे समाधान झाले. खिशातून कागद काढून मी स्वच्छ, वळणदार अक्षरांत लिहिले: "एक पळी. दिवसातून दोन वेळा. सकाळी व सायंकाळी." तिला वाचता येत नव्हते, पण जावेची मुलगी शाळेत जात असे, ती वाचेल म्हणाली. जीपवाला भोंगा वाजवत होता. कागद पदराला बांधून ती धावली. शिडीवरून उतरल्यावर त्याने विचारले की, बाई समजून गेली ना? मी म्हणालो, लेखी देऊन पाठवली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. या वेळी मुलगी तिच्या खांद्यावर होती. बाई घाबरलेली मुळीच नव्हती. बाटली सरली, दुसरी द्या, एवढेच तिचे म्हणणे होते.

गोळ्यांचे पाकीट कापता कापता त्याच्या हातातली कात्री थांबली. "एका दिवसात सरली?"

"काल सांजला पाजली, आज सकाळी पाजली. गुण आला, बरं का. खोकला थांबला. लय झोपतीया."

तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला. मुलीची हनुवटी उचलून त्याने तिला हाक मारली, गालावर टिचक्या मारल्या. तिने डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. किती पाजलेस, असे त्याने विचारले. बाईने पदराची गाठ सोडून माझा कागद त्याच्या हातात दिला. "लिव्हलंय तशीच. एक पळी."

त्याने कागद वाचला. अक्षर ओळखले असणारच. तरी माझ्याकडे पाहिले नाही. मुलीला त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतले, रिकामी बाटली खिशात घातली, रिक्षा थांबवली आणि बाईला घेऊन तो सरकारी दवाखान्याकडे गेला. जाताना मला एवढेच म्हणाला, "दुकानाकडे बघा."

दुकानाकडे मी बघितले. नोंदणीकृत औषधविक्रेता हजर नसताना विक्री करता येत नाही, म्हणून आलेल्या प्रत्येकाला मी तसे सांगून परत पाठवले. दुकान उघडे आणि विक्री बंद, अशा अवस्थेत मी चार तास बसलो. ते तास मी कसे काढले, हे लिहिण्याची मला गरज वाटत नाही. समोरच्या मांडणीवर बाटल्यांची रांग होती, एकीवरही पट्टी नव्हती, आणि ती कोणाच्या पत्राने निघाली हे मला ठाऊक होते.

दिवेलागणीला तो परतला. मुलगी शुद्धीवर होती. डॉक्टरांनी रात्रीपुरती ठेवून घेतली होती, पण काळजीचे कारण उरले नव्हते. ती भाकरी मागत होती आणि नर्सशी भांडत होती. हे सगळे त्याने हात धुता धुता सांगितले. मग बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला.

"तुमची पळी देवघरातली," तो म्हणाला. "पंचपात्रातली. तिची चुलीवरची. कालवण वाढायची."

आयुष्यभर मी न्यायालयात दस्तऐवजांतले शब्द तपासले. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर दावे कसे उलटतात, हे मी नव्या कारकुनांना शिकवत असे. आणि आमच्या घरच्या संध्येच्या पळीपलीकडे महाराष्ट्रात दुसरी पळी असते, हे मला माहीत असूनही सुचले नव्हते. तो पट्ट्यांबद्दल चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला वाद घालता आला असता.

सुनावणी दहा-बारा दिवसांनी झाली. मधल्या काळात मी त्याच्या दुकानात जाऊन, फूटपट्टी घेऊन, निरनिराळ्या कंपन्यांच्या बाटल्या मोजल्या. कशासाठी, हे त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही. तो बाटल्या काढून देत गेला आणि मी आकडे लिहीत गेलो.

सहायक आयुक्तांच्या दालनात आम्ही दोघे शेजारी-शेजारी बसलो होतो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि परवान्याची मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरली होती. तिच्या कडेवरून त्याचा अंगठा सारखा फिरत होता.

आधी मी उभा राहिलो आणि त्या कागदाची हकीकत सांगितली. कागद माझा, अक्षर माझे, शब्द माझा, हे मी तीन वेगळ्या वाक्यांत सांगितले, म्हणजे टिपून घेणाऱ्याला सोपे जावे. अधिकारी तरुण होते. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे तक्रार मागे घेताय, आजोबा?"

"नाही," मी म्हणालो.

शेजारचा अंगठा थांबला.

"तक्रार खरी आहे आणि ती कायम आहे. मुदतीची तारीख झाकली जात होती. ती झाकता कामा नये. पण पट्टीच काढून टाकण्याचा हुकूम चूक आहे, आणि त्या चुकीला माझे पत्र कारण झाले." मी माझा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. "बाटलीवरच्या कागदाची दोन टोके एकमेकांना भिडत नाहीत. मागच्या बाजूला बोटभर काच मोकळी राहते. मोजलेल्या एकूण एक बाटल्यांवर राहते. पट्टी तिथे लावावी. काहीच झाकले जाणार नाही."

अधिकाऱ्यांनी मेजावरची बाटली उचलून फिरवली. मग त्याला विचारले की, हे जमेल का? तो माझ्याकडे वळून, अधिकारी समोर नसल्यासारखा, म्हणाला, "इतकी वर्षं चिकटवतोय. बाटली फिरवून बघायचं सुचलं नाही हो मला."

"जमेल का, एवढं सांगा," अधिकारी म्हणाले.

"जमेल. उलट चांगलं दिसेल. काचेतून औषध आणि दात एकत्र दिसतील."

परवाना राहिला. आठवड्याने टपालाने लेखी ताकीद आली: यापुढे छापील मजकूर झाकू नये, मात्रेची पट्टी, तक्रारदार श्री. अमुक यांनी सुनावणीत सुचवल्याप्रमाणे, बाटलीच्या मागील मोकळ्या भागावरच लावावी. त्या पट्ट्या पुढे त्याने दुकान आपल्या मुलीच्या हाती सोपवेपर्यंत, म्हणजे चांगली दहा-बारा वर्षे, तिथेच लागत राहिल्या. पेठकडची बाई नाक्यावर येत राहिली. तिची ती मुलगी थोडी मोठी झाल्यावर बरोबर येऊ लागली आणि मला पाहिले की आईच्या पाठीमागे दडू लागली. माझ्याबद्दल तिला काय सांगितले गेले होते, याची चौकशी मी केली नाही.

ताकीद आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, तर ती त्याने काचेच्या चौकटीत बसवून, भिंतीवर परवान्याच्या शेजारी टांगली होती. मी हरकत घेतली. परवाना दर्शनी भागी लावणे सक्तीचे आहे. ताकीद लावणे कुठेही सांगितलेले नाही, आणि त्यामुळे गिऱ्हाइकांचा गैरसमज होण्याचा संभव आहे. त्याने विचारले, "पण लावू नये, असं कुठे लिहिलंय?"

मी घरी येऊन नियमांचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिले. परिशिष्टेही पाहिली. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला सांगितले की, अशी मनाई कुठेही नाही.

"मग राहू द्या," तो म्हणाला. "परवान्यावर माझं एकट्याचं नाव आहे. ह्याच्यावर आपल्या दोघांचं आहे."